उंच माणसाची बंदूक

पुण्यात नोव्हेंबर लागला की लोक कपाटातले स्वेटर काढतात आणि मी गॅलरीत जाऊन वारा कुठून येतोय ते बघते. ही सवय कतारची. तिथला उन्हाळा कॅलेंडर बघून संपत नाही. महिनोन् महिने दार उघडलं की कुकरची वाफ तोंडावर यावी तशी हवा येत राहते, चष्म्याच्या काचा धुरकटतात, आणि मग एका सकाळी उत्तरेकडून कोरडी, हलकी झुळूक येते. तेवढ्यावर अख्खा देश घराबाहेर पडतो. खिडक्या उघडतात. गाड्यांच्या टपावर तंबूचे गठ्ठे चढतात. करक चहाच्या दुकानासमोर लोक गाडीत बसल्या बसल्या हॉर्न वाजवून कप मागवतात आणि काच खाली ठेवून पितात, कारण आता काच खाली ठेवता येते. अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून उगाच हसतात.

असे बरेच हिवाळे मी तिथे काढले. पण वारा फिरला की मला आठवतो तो एकच. अल वक्र्यातल्या स्टेडियमचं छप्पर चढत होतं, आणि माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

मी तेव्हा मेट्रोच्या कामावर प्लॅनिंग इंजिनिअर होते. माझा नवरा निखिल उत्तरेकडच्या गॅस प्लँटवर शिफ्ट करायचा. त्या काळात आमच्या बोलण्यात एकच मुदत असायची, 'वर्ल्ड कपच्या आधी'. रस्ता वर्ल्ड कपच्या आधी, पूल वर्ल्ड कपच्या आधी, स्टेशनचे सरकते जिने वर्ल्ड कपच्या आधी. आमच्या ईराचे दुधाचे दात सोडले तर त्या देशात जे काही व्हायचं होतं ते सगळं वर्ल्ड कपच्या आधी व्हायचं होतं. काल उजवीकडे वळणारा रस्ता आज बॅरिकेडमागे गायब झालेला असायचा, आणि घरी पोचेपर्यंत माझ्या पापण्यांवर सिमेंटची बारीक पूड बसलेली असायची.

अल वक्र्यात आम्ही बू राशिद यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बू राशिद म्हणजे राशिदचे वडील. तिथे पुरुषाला थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. साठीकडे झुकलेले, बुटके, रुंद बांध्याचे गृहस्थ. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, लहानपणी काही वर्षं ते तिथेच राहिले होते. त्यामुळे त्यांची हिंदी पक्की मुंबईची होती, फक्त 'का-की'चा घोळ असायचा. घरात दोन ससाणे होते आणि शिकारीचा शौक होता. एवढीच आमची त्यांच्याबद्दलची माहिती. भेटलं की सलाम, ईरासाठी खिशातून चॉकलेट, आणि पाण्याची मोटर बिघडली की 'बुक्रा, इन्शाल्ला'. म्हणजे उद्या, देवाची मर्जी असेल तर.

सासऱ्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. सासूबाईंना मी आई म्हणायचे. पुण्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. ताठ बसायच्या, मोजकं बोलायच्या, चहा बिनसाखरेचा घ्यायच्या. भांडण कधी झालं नाही, गप्पाही कधी झाल्या नाहीत. निखिल म्हणायचा, आई पहिल्यापासून अशीच आहे. दोह्याला आल्यावर त्या मॉल बघून आल्या, समुद्र बघून आल्या, आणि मग रोज दुपार कलली की गच्चीवरच्या खुर्चीत जाऊन बसायला लागल्या. तिथून स्टेडियमच्या क्रेन दिसायच्या. निदान मला वाटायचं, त्या क्रेनच बघत असतात.

एका शनिवारी मी त्यांना चहा द्यायला वर गेले. त्या कठड्याला टेकून खाली अंगणात बघत होत्या.

"मुक्ता, हा माणूस काय करून राहिला?"

मी चमकले. आईंच्या तोंडून 'करून राहिला' मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं माहेर चांद्याकडचं आहे हे माहीत होतं, पण तिकडची बोली त्यांनी पुण्यात पार पुसून टाकली होती.

खाली खजुराच्या झाडापाशी बू राशिद उभे होते. सतरंजीवर लांबट पेटी उघडी होती. हातात जाडजूड दुनाळी रायफल. ती खांद्याला लावायचे, झाडाच्या शेंड्यावर रोखायचे, खाली घ्यायचे. परत लावायचे.

"साफ करत असतील, आई. शिकारीचा नाद आहे त्यांना."

"साफ नाही करून राहिला. खांद्याला लावून बघतोय. बसत नाहीये." जरा वेळाने म्हणाल्या, "ही बंदूक याची नाही. कुण्या उंच माणसाची आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"दस्ता लांब पडतोय ना त्याला. मान बघ कशी पुढे काढतो. आणि उजवा खांदा दुखतोय त्याचा." मग चहाचा कप घेतला आणि एक घोट पिऊन विचारलं, "आलं घातलंस का?"

एवढंच. मला तर त्यांच्याकडे बघावं की खाली बघावं कळेना.

दोन दिवसांनी बू राशिदच्या घरून ताटलीभर खजूर वर आले. आपल्याकडे रिकामी ताटली परत देत नाहीत. आईंनी तिच्यात तिळाच्या वड्या भरल्या आणि स्वतः खाली निघाल्या. जिना उतरताना त्यांचा गुडघा धरायचा म्हणून मीही मागे गेले. बू राशिद अंगणातच होते. वड्या दिल्या, 'शुक्रन' म्हणून आभार मानून झाले, आणि आईंनी शाळेत विचारावं तसं सरळ विचारलं, "भाईसाब, वो बंदूक किसका है?"

"मेरा भाई का," बू राशिद बोलून गेले. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "आप को कौन बोला, मेरा नहीं है?"

"आपका भाई लंबा था."

बू राशिदनी खुर्ची पुढे ओढली, आतून गहवा मागवला, तो केशर-वेलदोड्याचा फिकट पिवळा कडू काढा, आणि म्हणाले, "बैठो दीदी. लंबा था. बहुत लंबा."

त्यांचा थोरला भाऊ जासिम. दोघांनी आफ्रिकेत जाऊन रानरेड्याची शिकार करायची असं तरुणपणापासून ठरवलं होतं. ते साधं जनावर नव्हे. जखमी झालं तर पळून जात नाही, दडून बसतं आणि माग काढत येणाऱ्या माणसावर उलटतं. जासिमने त्यासाठी ही चारशे सत्तर बोअरची, जबर धक्क्याची दुनाळी घेतली. मग कधी व्यापार, कधी मुलांची लग्नं, असं करत जाणं राहिलं, आणि आदल्या वर्षी जासिम हृदयविकाराने गेला. ही बंदूक त्या कामासाठी एकदाही उचलली गेली नव्हती. आता बू राशिद एकटे निघाले होते. त्यांची स्वतःची एक रायफल होती, तीनशे पंच्याहत्तरची, एकनळी, त्यांच्या खांद्याला सवयीची. पण न्यायची होती ती जासिमचीच.

"क्यों मारना है?" आईंनी विचारलं.

"भाई के साथ जाना था."

आईंनी मान हलवली. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं. शिकार मला तेव्हाही पटत नव्हती, आजही नाही. पण त्या अंगणात मला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला आधी वास येतो. बंदुकीच्या तेलाचा, वेलदोड्याचा आणि झाडांना पाणी घातल्यावर तापलेल्या वाळूचा. मी कामावरून येऊन गाडी लावायचे तेव्हा दोघं अंगणात बसलेले असायचे. मधे स्टुलावर गहव्याची किटली. त्यांचं बोलणं सारखं बंदुकीभोवती फिरायचं, पण एकमेकांना शिकवल्यासारखं ते कधी नसायचं. बू राशिद वाळवंटातल्या शिकारीचं सांगायचे, आई लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेल्या बांबूच्या रानातल्या. उघड्यावर लांबून नेम धरणारा आणि झाडीत हातभर अंतरावर जनावर उभं राहिलेलं पाहणारी, दोघांचं पटायचं आणि वादही व्हायचे.

एकदा ईराने विचारलं, "आजी, व्हाय टू काइंड्स ऑफ बुलेट्स?" आईंनी ताटलीतला पिकलेला खजूर उचलला आणि तिच्या तळहातावर दाबला. तो पसरून चिकट चकती झाला. "ही मऊ टोकाची गोळी. आत गेली की पसरते. मोठी जखम करते, पण खोल जात नाही. पातळ कातडीच्या जनावराला ठीक." मग खजुराची बी काढून पुसून तिच्या बोटांत दिली. "आता ही दाब." बी दबेना. "ही सॉलिड. ही पसरत नाही, हाड फोडून पार जाते. ज्याच्या अंगावर बोटभर जाड कातडं आणि खाली मोठं हाड आहे, त्याला ही लागते." ईराने खजूर खाऊन टाकला. बू राशिद मांडीवर थाप मारून हसले. "यल्ला, खलास! मेरा सॉफ्ट-नोज खा गई!"

आई हसल्या. तोंडावर पदर न घेता, दात दिसेपर्यंत.

आई आता नाहीत. वर्ल्ड कपची पहिली मॅच आम्ही पुण्यात टीव्हीवर बघितली तेव्हाही नव्हत्या. पडद्यावर ती रोषणाई चालली होती, निखिल म्हणत होता, हे बघ तुझं स्टेशन, आणि मी मात्र त्या सगळ्या दिव्यांमागे कुठे एखादं अंगण दिसतंय का ते शोधत होते. इतकी वर्षं सासू म्हणून ओळखीची असलेली बाई मला भेटली ती परदेशात, भाड्याच्या घराच्या अंगणात, एका हिवाळ्यापुरती. नंतर पुण्यात त्या पुन्हा मोजकंच बोलायला लागल्या. मीही विचारायला हवं होतं, पण रोजच्या संसारात ते विचारायला जागा कुठे असते? मुद्दाम विषय काढला की त्या म्हणायच्या, "अगं, ते तेव्हाचं." तेव्हाचं म्हणजे चांद्याचं की अल वक्र्याचं, ते मला कधीच नीट कळलं नाही.

शहराबाहेर एक शूटिंग रेंज होती. एका शुक्रवारी सकाळी बू राशिद आम्हाला तिथे घेऊन गेले. ते पुतण्यांनाही आणणार होते, पण आईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "भाईसाब, कल अकेले आना." का ते त्यांनी विचारलं नाही आणि आईंनी सांगितलं नाही.

आधी त्यांनी स्वतःची रायफल चालवली. कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून पडली. मग जासिमची दुनाळी घेतली. तिचा आवाज कानावर मफ लावूनही माझ्या छातीत लागला. भोकं खाली गेली, डावीकडे गेली, एक तर कागदाच्या बाहेरच. बू राशिद म्हणाले, सूर्य डोळ्यांवर आहे. मग म्हणाले, वारा आहे.

आई पुढे झाल्या. "मैं भर के दूँ?"

त्यांनी रायफल घेतली, आमच्याकडे पाठ करून नळी बिजागरीवर खाली पाडून ती उघडली, काडतुसं घातली आणि मिटवून परत दिली. हे सगळं त्यांनी इतक्या सहज केलं की जणू रोज सकाळी दुधाच्या पिशव्या फोडाव्यात. बू राशिदनी नेम धरला, चाप ओढला.

नुसतं 'टक्' झालं. बार झालाच नाही. पण नळीचं तोंड वीतभर खाली आपटलं, त्यांचा खांदा पुढे उसळला, आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते. बाराचा धक्का बसायच्या आधीच शरीर त्याला घाबरून गेलं होतं. आवाज नव्हता म्हणून ते सगळं स्वच्छ दिसलं. मला दिसलं, त्यांनाही कळलं.

आईंनी रायफल त्यांच्या हातातून काढून घेतली, उघडली आणि आतली पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली. "खाली था. मैंने खाली डाला था."

बू राशिदचा चेहरा लालबुंद झाला. ते गाडीकडे चालू लागले. मी मनात नवं घर शोधायला सुरुवात केली. आईंनी दोन्ही रायफली नीट पेटीत ठेवल्या, पेट्या रेंजवरच्या माणसाकडे गाडीत ठेवायला दिल्या, आणि जाऊन गाडीत पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसल्या. मी मागे.

मग त्यांनी अण्णाचं सांगितलं. निखिललाही माहीत नव्हतं की त्याला एक मामा होता.

त्या हिंदीत बोलत होत्या, पण मला ते आठवतं ते मराठीतच. चांद्याकडे त्यांच्या वडिलांचं घराणं मालगुजारांचं, म्हणजे जमीनदारांचं होतं. तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची. शकू म्हणजे आई, घरातली धाकटी, वडिलांबरोबर रानात जायची, काडतुसं पुसायची, माग बघायची. घरात दोन रायफली होत्या. एक आजोबांची दुनाळी, मानाची. दुसरी वडिलांची, साधी, तीनशे पंच्याहत्तरची. अण्णा थोरला, नागपूरला कॉलेजात शिकलेला. त्या साली गव्याचा परवाना मिळाला होता आणि घरात पाहुणे आले होते, अण्णाला बघायला. त्यांच्यासमोर साधी बंदूक कशी घ्यायची? त्याने आजोबांची घेतली. आदल्या संध्याकाळी घरामागे त्याने एक मडकं ठेवून बार काढला. शकू बाजूलाच उभी होती. तिने बघितलं, बार व्हायच्या आधीच अण्णाचे डोळे मिटले.

"मी बाबांना सांगितलं, अण्णाला हा बार सोसत नाही. त्याला तुमची द्या. बाबा म्हणाले, शकू, तू आता अण्णाला शिकवून राहिली का? सगळे हसले. अण्णाही हसला. त्याने माझी वेणी ओढली."

सकाळी गव्याला पहिली गोळी पोटात लागली. तो बांबूत घुसला. थांबायचं तेवढं थांबून माणसं मागावर गेली. वळणावर तो उभाच होता. अण्णा पुढे होता. दुसरा बार गव्याच्या पाठीवरून गेला. वडिलांनी आपल्या साध्या रायफलीने गवा पाडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अण्णाला खाटेवर घालून घरी आणलं. त्या वर्षी दोन्ही बंदुका घरातून गेल्या. शकूचं रानात जाणं संपलं. मग लग्न, पुणे, शाळा, भूगोल.

"जंगलाचं नाव काढू नका असं कुणी म्हणालं नाही. पण कुणी काढलंही नाही."

बू राशिद स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "जासिम का बंदूक घर पे रहेगा तो जासिम भी घर पे रह गया, दीदी."

"जासिम को याद करनेवाला कौन है? तुम ही ना? तो वापस आओ." आईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मैंने तब भी बोला था. कोई सुना नहीं. तुम सुनो."

त्यांनी गाडी सुरू केली. परतताना करकच्या दुकानासमोर थांबले, हॉर्न दिला आणि आईंसाठी बिनसाखरेचा चहा सांगितला. त्या दुकानात तसा मिळत नाही. चहा साखर घालूनच उकळतात. तर त्यांनी पोऱ्याला परत पाठवून वेगळा करून आणवला.

त्यानंतर काही दिवस अंगण रिकामं होतं. आई गच्चीत जायच्या, बघायच्या, खाली यायच्या. स्टेडियमच्या पांढऱ्या छपराचे पत्रे एकेक करून चढत होते. माझी साइट धुमसत होती, एका स्टेशनचं काम मागे पडलं होतं आणि मीटिंगमध्ये सगळे एकमेकांवर ओरडत होते. घरी आले की आई विचारायच्या, "खाली कुणी दिसलं का?" मी नाही म्हणायचे.

आणि मग एका दुपारी बू राशिद जिना चढून वर आले. कधीही वर न येणारा माणूस दारात उभा, हातात स्वतःच्या रायफलीची पेटी. "दीदी, खांदा देखो."

आईंनी बघितलं. रायफल जागेवर बसली होती, मान सरळ होती. बू राशिदनी दोन्ही प्रकारची काडतुसं आणली होती. आईंचं म्हणणं होतं, पहिल्यापासून सॉलिडच भरा, बाबा गव्याला तेच वापरायचे. बू राशिदचं म्हणणं, तिकडचे लोक पहिली मऊ आणि मागची सगळी सॉलिड सांगतात. बराच वाद झाला. शेवटी आई म्हणाल्या, "तिकडचा शिकारी सांगेल ते ऐका. ते जनावर त्याच्या ओळखीचं आहे, माझ्या नाही. पण दोन्ही गोळ्या एकाच जागी लागतात का ते इथे बघून जा." ते परत रेंजवर गेले. लागत होत्या.

जायच्या दिवशी त्यांनी आम्हाला अंगणात बोलावलं. जासिमची दुनाळी तेल लावून पेटीत ठेवलेली होती. आईंनी पेटीवर एकदा हात फिरवला.

ते गेल्यावर आईंचं जेवण कमी झालं. रोज मी चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा, "फोन?" मला आत कुठेतरी राग यायचा. कोण हा माणूस, कुठला तो रेडा, आणि माझ्या घरातली बाई त्याच्यासाठी उपाशी! पण मीही साइटवर फोन खिशात न ठेवता हातात धरून फिरत होते.

फोन आला तो जेवणाच्या सुट्टीत. आवाज तुटत होता. "दीदी को बोलो, खलास. अल्हम्दुलिल्लाह. मैं ठीक. आँख खुला था." मी लगेच घरी फोन लावला. आई सगळं ऐकून "बरं" म्हणाल्या आणि ठेवून दिला. संध्याकाळी घरी आले तर दिवाणखान्यात त्या सोफ्यावर पाय पसरून गाढ झोपल्या होत्या. अशा अवेळी झोपलेल्या आई मी तोवर पाहिल्या नव्हत्या. ईरा पाय न वाजवता फिरत होती.

बू राशिद परत आले तेव्हा आईंचा व्हिसा संपत आला होता, बॅग अर्धी भरून झाली होती. अंगणात पुन्हा खुर्च्या पडल्या. उन्हाचा रंग पिवळा झाला होता. बू राशिद काळवंडले होते, ओठ फुटले होते आणि दहा वर्षांनी लहान दिसत होते. त्यांनी बसल्या बसल्या फोन काढला आणि फोटो दाखवायला लागले. ती प्रचंड शिंगं, कपाळावर एकत्र आलेली, त्यांच्यामागे गुडघ्यावर बसलेले ते स्वतः. पहिली गोळी कुठे लागली, जनावर कसं वळलं, दुसरी कशी गेली, सगळं एकदम सांगायचं होतं.

आईंनी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि स्टुलावर पालथा ठेवला.

"वो बाद में. पहले ये बताओ, सुबह कैसी थी?"

"सुबह?" बू राशिद गोंधळले.

"गाडी से उतरे, तब. अंधेरा था? घास गीली थी?"

ते आईंकडे बघत राहिले. मग हातातला छोटा कप खाली ठेवला, डोळे मिटले. "गीला था, दीदी. इधर तक." त्यांनी गुडघ्याच्या वर हात लावला. "सब कपडा भीग गया. ठंडा था. तारा था थोडा."

"पक्षी?"

"एक था. दिखता नहीं था. ऐसा बोलता था..." आणि त्यांनी ओठ गोल करून तीनदा शीळ घातली, शेवटची लांबवत. आईंनी मान तिरकी करून ऐकली. "हमारा ऐसा था," म्हणाल्या, आणि माझ्या सासूबाईंनी, भूगोलाच्या बाईंनी, अल वक्र्याच्या अंगणात शीळ घातली. बारीक, थरथरती, पण सुरात. खुंटावर बांधलेल्या ससाण्याने मान वळवली.

"वास कसा होता?" हे त्यांनी मराठीतच विचारलं. मी हिंदी करून सांगायला गेले, पण बू राशिदना समजलं होतं. त्यांना शब्द सापडेना. आधी अरबीत काही म्हणाले, मग म्हणाले, "मिट्टी का. गीला चमडा का. और कोई घास था, पैर के नीचे दबा तो पुदीना जैसा."

"कुणी बोलत होतं का चालताना?"

"नहीं. बस हाथ."

आईंनी उजवा हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश खाली दाबला. जाग्यावर थांबा. बू राशिद खुर्चीतून अर्धे उठले. "हाँ! येही! बिल्कुल येही!"

मशिदीतून मगरिबची, म्हणजे मावळतीच्या नमाजाची, बांग सुरू झाली. एरवी ते लगेच उठायचे. त्या दिवशी ते उठले, दोन पावलं चालले आणि परत वळले. आई डोळे मिटून बसल्या होत्या, हात अजून तसाच हवेत.

"मैं नमाज़ पढ़ के आया," बू राशिद म्हणाले. "आप सोच के रखो. और पूछो, दीदी. सब पूछो."